प्रश्न पहिला, चित्र

“मग आता देता ना हा पेपर घ्यायला परवानगी, सर?”

सुहृदने लॅपटॉप आजगावकर सरांच्या पुढ्यात सरकवला. सावंतवाडीत सरांचा गणिताचा वर्ग. सुहृद त्यांचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि ते कुणाला विसरू न देणारा. वर्गाची निवड परीक्षा यंदा प्रथमच संगणकावर होती. उद्या सकाळी दहाला. मुलं चाळीस, गणित शिबिरात जागा एकच.

सर चष्मा सावरून बघत राहिले. वर्गमुळं, घातांक, अपूर्णांकांच्या रेघा...

“सगळं जागच्या जागी आहे,” ते म्हणाले. “कसं जमवलंस?”

“टाइप केलेली सूत्रं कुठे ना कुठे विस्कटतात, सर. म्हणून प्रत्येक सूत्राचं चित्रच चिकटवलं. आता ब्रह्मदेव आला तरी हलायचं नाही.”

सरांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्यावर टाकला.

“पहिला प्रश्न सांग.”

“आता कसा सांगू? दिसत नाहीये.”

“यंत्र वाचून दाखवतं म्हणालास ना?”

सुहृदने हसत वाचनाची सोय चालू केली. लॅपटॉप खणखणीत बोलला, “प्रश्न पहिला. चित्र. किंमत काढा.”

सरांनी पेन्सिल उचलली. थांबले...

“प्रश्न दुसरा. चित्र. सोपे रूप द्या.”

सुहृदचं हसू मावळलं. त्याला वर्गातली गौतमी आठवली. जन्मापासून दृष्टी नसलेली, ऐकून गणितं सोडवणारी. दोन वर्षं ती या एका परीक्षेसाठी राबत होती.

“तिला कुणीतरी वाचून दाखवेल, सर. एकटीचाच तर प्रश्न आहे. बाकीचे एकोणचाळीस...”

“‘सर्वांसाठी सोयीची परीक्षा’ असं फळ्यावर कुणी लिहिलं?”

“मी.”

“‘सर्व’ म्हटलेलं विधान खोडायला उदाहरणं किती लागतात?”

आठवीत सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे. सुहृदने मान खाली घातली.

“एक.”

मग तो बसला. एकेक चित्र काढून टाकलं, एकेक सूत्र हाताने भरलं, यंत्राकडून वाचून घेतलं. जेवण ताटात निवलं. त्याला सरांचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. दिवेलागणीच्या आत तिसावा, शेवटचा प्रश्न झाला. सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दहाला परीक्षा सुरू झाली. एकोणचाळीस डोकी पडद्यांत खुपसलेली. गौतमी कानाला हेडफोन लावून ताठ बसली होती.

वीस मिनिटांनी तिने हात वर केला.

“सर, सातव्याला उत्तरच नाही. एक्सच्या जागी दिलेले तीन घातले की छेद शून्य होतो.”

“शक्यच नाही,” सुहृद म्हणाला, आणि धावत लॅपटॉपशी गेला.

सातवा प्रश्न उघडला. बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला...

“प्रश्न सात रद्द,” त्याने वर्गाला सांगितलं. एकोणचाळीसांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सातव्याचं उत्तर देऊनही टाकलं होतं.

तो सरांजवळ येऊन उभा राहिला.

“चित्र करताना पाहिला, टाइप करताना पाहिला, काल तुम्हाला दाखवताना पाहिला. सर, मला कळलं कसं नाही?”

सर गौतमीकडे बघत होते. ती आठव्या प्रश्नाला लागलीसुद्धा होती.

“देखणा होता ना.”