बिनशिशाची जळू

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्याला राजा होता, पण त्याला आपल्या राज्यातली सगळी गावं ठाऊक नव्हती. असंच त्याला ठाऊक नसलेलं एक गाव उंच डोंगरात, एका थंडगार नदीच्या काठी वसलं होतं. राजा गावाची विचारपूस करत नसे, गाव राजाची करत नसे, आणि दोघांचंही छान चाललं होतं.

त्या नदीत तांबड्या ठिपक्यांचा एक मासा राहत असे. उन्हाळ्यात तो वर येऊन पाण्यावरचे किडे मटकावी, पण थंडी पडली की स्वारी आळसावे. तळाच्या दगडांआड जाऊन बसे आणि काही केल्या हलत नसे. मात्र नाकासमोरून काळी जळू वळवळत गेली, की त्याला मुळीच राहवत नसे.

म्हणून गावातली माणसं थंडीसाठी खोट्या जळवा बांधत. गळाला करडाच्या काळ्या केसांची शेपटी, तिच्यापुढे लोकरीचं अंग आणि डोक्याशी शिशाची वाटाण्याएवढी गोळी. खरी करामत त्या गोळीची होती. गोळी असली की जळू डोकं खाली घालून तळाशी जाई, दोरी हळूच ओढली की डोकं वर काढी, सैल सोडली की पुन्हा खाली. मासा शहाणा असला तरी फसे. गोळी नसेल, तर जळू कितीही देखणी असो, ती अधल्यामधल्या पाण्यात भरकटत राही आणि खालच्या माशाला तिचा पत्ताही लागत नसे.

शिसं गावात मिळत नसे. ते घाटापलीकडून वर्षातून एकदाच येई, आणि पाटील घरटी एक गोळी वाटून देई. दुसरी मागायची नाही, असा रिवाज होता.

रिवाज आणखी एक होता, आणि तो जरा विचित्र होता. थंडीतल्या मासेमारीच्या पहिल्या दिवशी आपण बांधलेली जळू आपण वापरायची नाही. सगळ्यांनी आपापली जळू पानात गुंडाळून टोपलीत टाकायची आणि पाटलाने डोळे मिटून एकेक काढून द्यायची. ज्याला जी मिळेल, तिच्यावर त्याने मासा धरायचा; दुपारनंतर हवं तर एकमेकांत बदलायची, पण आपली घ्यायची नाही. सर्वांत मोठा मासा ज्याचा, त्याला डोहावरच्या शिळेवर थंडीभर बसायचा मान. डोह म्हणजे माशांचं माहेरघर, त्यामुळे त्या घराची थंडीची काळजी मिटे. आणि त्याने ज्याच्या जळूवर मासा धरला, त्याच्या दारी गुळाची ढेप नेऊन द्यायची. असं का, ते कुणीच सांगू शकत नसे. विचारलं तर म्हातारे म्हणत, “असंच असतं.”

त्या गावात एक बाई होती. तिचं खरं नाव गोष्टीत उरलेलं नाही, गाव तिला गाठवाली म्हणे. तिच्यासारखी जळू पंचक्रोशीत कुणी बांधत नव्हतं. प्रत्येक घराचा दोरा वेगळ्या रंगाचा असे आणि तिचा हळदीचा पिवळा. पानातून पिवळा दोरा निघाला, की ज्याला तो मिळे तो माणूस नाचायलाच लागे. दरवर्षी मोठा मासा पिवळ्या दोऱ्यालाच लागे आणि दरवर्षी गुळाची ढेप गाठवालीच्या दारी येई.

तिचा नवरा ढोलकी वाजवी आणि गूळ आवडीने खाई. मासे धरायला मात्र त्याला नेण्यात अर्थ नव्हता, कारण नदीकाठी उभं राहिलं की तो शिंकत सुटे आणि काठचे मासे पळून जात.

“अहो, पोट बघा केवढं झालंय,” गाठवाली एकदा वैतागून म्हणाली. “दरवर्षी माझ्या जळूवर दुसरेच डोह मिळवतात आणि आपण गूळ चाटत बसतो.”

“गूळ वाईट आहे का?” नवऱ्याने बोट चाटत विचारलं.

“मला गूळ नको. मला डोह हवाय. मागच्या थंडीत आपण नुसत्या कण्या खाऊन काढल्या, विसरलात?”

नवरा विसरला नव्हता. त्याने ढोलकी जवळ ओढली आणि ती कसत बसला.

गाठवाली काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पण चांगल्या माणसालाही आपल्यावर अन्याय होतोय असं एकदा वाटू लागलं, की त्याचं डोकं फार वेगाने चालतं. त्या वर्षी तिने दोन जळवा बांधल्या. एक पिवळ्या दोऱ्याची, टोपलीसाठी. दुसरी काळ्या दोऱ्याची, स्वतःसाठी. गोळी एकच होती. ती तिने दुसरीत बसवली आणि पहिलीच्या डोक्याशी नुसती लोकर गच्च गुंडाळून तेवढाच फुगवटा आणला. बघून कुणाच्या बापालाही कळलं नसतं. दुसरी जळू तिने अंबाड्यात खोचली.

पहिला दिवस उजाडला. सगळं गाव नदीवर गोळा झालं. पाटलाने डोळे मिटले आणि टोपलीत हात घातला.

गाठवालीला तेल्याची जळू मिळाली. तेली मोठा दिलदार गडी, पण त्याची बोटं जाड होती आणि त्याच्या जळूला डोकं कुठलं, शेपटी कुठली हे त्यालाही सांगता येत नसे. तो लाजून म्हणाला, “वहिनी, यंदा तुमचं नशीब फुटलं बघा.”

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, “पिवळा दोरा! पिवळा दोरा!”

तो तात्या होता, म्हातारा मेंढपाळ. दरवर्षी जळवांसाठी करडाचे मऊ केस तोच गाठवालीला आणून देई आणि बदल्यात काही घेत नसे. एकदा तरी आपल्याला मोठा मासा लागावा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने गावातल्या प्रत्येकाला अनेकदा सांगितली होती.

“पोरी, तुझी जळू आली गं मला!” तो काठी उंचावून म्हणाला. “आता मासा कुठं जातोय!”

गाठवालीचा हात अंबाड्याकडे गेला. तात्याच सापडावा का? पण आता बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. तिने कसंबसं हसून मान हलवली आणि ती नदीच्या वरच्या अंगाला निघून गेली. एका मोठ्या खडकाआड तिने तेल्याची जळू कनवटीला लावली आणि अंबाड्यातली काढून गळाच्या दोरीला बांधली.

दुपार कलायच्या आत तिच्या दोरीला असा हिसका बसला की ती गुडघाभर पाण्यात ओढली गेली. तिने दोरी सोडली, ओढली, पुन्हा सोडली, आणि शेवटी हाताएवढा लांब मासा काठावर आणून आपटला. एवढा मासा त्या नदीत कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. तिला खूप आनंद झाला. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला तात्याची आठवणही झाली नाही.

ऊन उतरल्यावर सगळे परतले. पाटलाने तिचा मासा दोन्ही हातांनी उचलला आणि तो म्हणाला, “डोह तुझा. आता गूळ कुणाच्या दारी जायचा ते सांग. कुणाची जळू होती?”

“तेल्याची,” गाठवाली खाली बघत म्हणाली.

सगळे तेल्याकडे वळले. मग तेल्याने अशी उडी मारली की काठच्या दोन टोपल्या उलटल्या. “माझी? माझ्या जळूवर? अहो पाटील, ऐकलंत का? आई, ऐकलंस का? आपल्या घरी गूळ येणार!” त्याने आधी पाटलाला मिठी मारली, मग गाठवालीच्या नवऱ्याला उचलून गिरकी घेतली. नवरा हवेतच शिंकला. सगळा काठ खदाखदा हसला. गाठवाली तेवढी हसली नाही.

“तात्या कुठे आहे?” पाटलाने मध्येच विचारलं.

तात्या अजून पाण्यातच होता. दोघांनी जाऊन त्याला धरून आणलं. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते आणि बोटं उघडत नव्हती. पिवळ्या दोऱ्याची जळू त्याच्या मुठीत तशीच होती.

“अहो तात्या, मासा लागत नव्हता तर जळू बदलायची!” तेली म्हणाला. “दुपारनंतर सगळेच बदलतात. माझ्याकडे मागितली असती तरी दिली असती.”

“बदलू कशी?” तात्या कुडकुडत म्हणाला. “ही हिच्या हातची. हिच्या जळूत खोट कशी असेल? मला वाटलं, माझाच हात चुकतोय. म्हणून सकाळपासून दोरी ओढायची रीत बदलून बघत होतो. जोरात ओढली, हळू ओढली, डाव्या हाताने ओढली.” मग तो गाठवालीकडे वळला आणि ओशाळून म्हणाला, “पोरी, तुझी जळू मी वाया घालवली. रागावू नकोस.”

हे ऐकून गाठवालीला भडभडून आलं. मासा, डोह, कण्या, सगळं तिच्या मनातून गेलं. ती पुढे झाली, तिने आपला पदर तात्याच्या खांद्यांभोवती गुंडाळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “तात्या, तुमचा हात चुकला नाही. त्या जळूत शिसं नाही. गोळी मी माझ्यासाठी ठेवून घेतली.”

मग तिने सगळंच सांगितलं. शिक्षा काय करावी ते पाटलाला सुचेना, कारण असं आजवर कुणी केलंच नव्हतं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“म्हणजे,” तेली हिरमुसून म्हणाला, “माझ्याकडे गूळ नाही येणार?”

“येईल,” गाठवाली म्हणाली. “मी आणून देईन. तुझ्या जळूला मी पाण्यात उतरूसुद्धा दिलं नाही, तिचं देणं लागते मी.”

डोहाची शिळा ज्याचा मासा दुसऱ्या नंबरचा होता त्या घराला गेली. मोठा मासा पाटलाने गावच्या हंड्यात शिजवायला लावला. पहिली वाटी तात्याला मिळाली. त्याने रस्सा भुरकला, काटा चोखला, आणि मासा जणू आपणच धरला असावा अशा थाटात तो चांगला झाला की नाही हे सगळ्यांना सांगितलं. गाठवालीच्या नवऱ्याने ढोलकी वाजवली. गाठवालीला कुणी एका शब्दानेही बोललं नाही.

बोललं नाही, पण पुढल्या वर्षी पिवळा दोरा तेल्याला मिळाला. तो नाचला नाही. त्याने जळू तळहातावर घेतली, हात वरखाली करून तिचं वजन अजमावलं, मगच ती दोरीला बांधली. गाठवाली बघतेय हे लक्षात आल्यावर बिचारा कानापर्यंत लाल झाला.

“अजमाव, अजमाव,” गाठवाली म्हणाली. “अजमावूनच घे.” हसत म्हणाली, पण ते तिच्या मनाला लागलं. कारण त्या जळूत गोळी होती आणि बांधणीही आजवरच्या सगळ्या जळवांत सरस होती. तरी ती अजमावली गेली.

त्यानंतर पिवळा दोरा ज्याला मिळे, तो आधी तळहात वरखाली करी. वाईट मनाने नाही, आपोआपच. गाठवालीने कधी तोंड वाकडं केलं नाही. दरवर्षी ती आपली गोळी टोपलीतल्याच जळूत बसवत राहिली, आणि पहिल्या दिवशी जे हाती येईल त्यावर मासे धरत राहिली. कधी लागत, कधी नाही.

मग एका वर्षी पिवळा दोरा कुंभाराच्या सुनेला मिळाला. तिने पान उलगडलं, दोऱ्याचा रंग बघितला, “गाठवालीची!” असं खुशीत ओरडली आणि जळू सरळ दोरीला बांधून पाण्यात टाकली. तळहाताकडे तिचं लक्षही गेलं नाही.

त्या दिवशी गाठवालीला एकही मासा लागला नाही. रिकामी टोपली डोक्यावर उपडी घालून ती मोठ्याने गात घरी आली, आणि नवऱ्याला वाटलं, हिला डोहच मिळाला!

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जो आपल्यावर डोळे मिटून विसंबतो, त्याच्याशी कपट करू नये, कारण एकदा गमावलेला विश्वास मागून मिळत नाही, तो पुन्हा कमवावाच लागतो.