येसूनं भिंत पाहिली

एकदा काय झालं, एका राजाच्या राज्यात भलंमोठं तळं होतं. तळ्याला दगडी बांध आणि बांधाखाली सात गावं. बांध राखायची येसू नावाची बाई. रोज सकाळी बांधावरून चालायची, घुशींची बिळं बुजवायची. साधीच बाई, बरं का, पण कामाला चोख.

एके दिवशी तळ्यातलं म्हातारं कासव वर आलं नि माणसासारखं बोललं, "येसू, बांध आतून पोकळ झालाय गं!"

येसूला वाटलं, लगेच जाऊन सांगावं. पण कासव बोललं म्हणून कोण ऐकणार? मग तिनं पदर खोचला, कासवाची पाठ धरली आणि मारली बुडी. बघते तर खरंच! पाण्याखालचे काळे दगड गायब, तिथे नुसतं चिखलाचं लिंपण.

मग ती मुकादमाकडे गेली. रखमाजी त्याचं नाव. तो म्हणाला, "गप बस, बाई. दोघांचीही चाकरी जाईल."

मग ती दिवाणजींकडे निघाली. दारातच थबकली. दिवाणजींच्या नव्या घराचं जोतं त्याच काळ्या दगडांचं! शेवाळसुद्धा वाळलं नव्हतं. आता चोरालाच चोरी कशी सांगायची? येसू तशीच मागे फिरली.

वाटेत भेटला वैरी राजाचा माणूस. त्याला कुणकुण लागली होती. "सोन्याचे तोडे देतो. भिंत कुठं कच्ची आहे, तेवढं सांग."

"सात गावं बुडवू का तुझ्या तोड्यांपायी? चल, चालता हो!"

मग तिला आठवली आत्याबाई. राजाची सख्खी आत्या, बरं का. दर सोमवारी देवळातल्या चाफ्याखाली बसायची. राजाच्या माणसांविरुद्ध गाऱ्हाणं असेल तर तिला सांगायचं. सांगणाऱ्याचं नाव ती राजालाही कळू द्यायची नाही.

सोमवार उजाडताच येसू देवळात गेली. आत्याबाईनं तिला जवळ बसवलं, गूळपाणी दिलं. मग विचारलं, "डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिलं."

"वरच्याला सांगितलंस?"

"सांगितलं. ऐकलं नाही."

"तुला काय हवंय?"

"बांध हवाय, आत्याबाई. खाली लेकरंबाळं आहेत."

आत्याबाई उठली ती थेट दरबारात. बांधाचे दगड दिवाणजींच्या जोत्यात गेलेत, असं तिनं राजाला सांगितलं. दिवाणजी गरजले, "कोण बोललं? नाव सांगा!"

आत्याबाई म्हणाली, "कोण बोललं ते राहू दे. बोललं ते खरं का, ते बघू. चला बांधावर!"

राजानं पाणबुडे उतरवले. त्यांच्या मुठीत आला चिखल! मग काय, दिवाणजींचं घर उतरवलं आणि एकेक दगड त्यांनीच डोक्यावरून वाहिला. पावसाच्या आधी बांध पक्का झाला.

रखमाजी मुकादम मान खाली घालून येसूकडे आला. "मला भीती वाटली गं."

येसू म्हणाली, "मलाही वाटली होती, दादा. बसा, भाकरी खा."

मग सातही गावांत भात पिकला, सगळे पोटभर जेवले आणि निवांत निजले. चला, तुम्हीही मिटा बघू डोळे.