पस्तीस रोग्यांचा वर्ग

अपसामान्य मानसशास्त्र शिकवणाऱ्या चांदोरकर सरांना रोग शिकवण्यापेक्षा वाटण्याचीच हौस फार. कुणी उशिरा आलं की त्याला नैराश्य. माझी वही नीटनेटकी, म्हणून मला मंत्रचळ. दिवाळीपर्यंत वर्गातल्या पस्तीसही जणांना त्यांनी एकेक विकार चिकटवून टाकला. शमा मुजावरने एक शंका विचारली, तर म्हणाले, "तुला संशयाचा विकार आहे. नसेल तर सिद्ध कर, नाहीतर तोंडी परीक्षेत नापास."

शमाने शांतपणे वही उघडली. "सर, पहिल्याच तासाला तुम्ही लिहून दिलंत, बहुतेक जण असतात तसा तो सामान्य आणि त्यांच्यापेक्षा वेगळा तो अपसामान्य."

"मग? बरोबरच आहे."

"या खोलीत आपण छत्तीस जण. पस्तीस जणांना विकार, म्हणजे इथे विकार असणारेच सामान्य. ठणठणीत एकटे तुम्ही. मग अपसामान्य कोण, तेवढं सांगा, लिहून घेते."

आम्ही सगळ्यांनी पेनं उघडली. तास संपायला वीस मिनिटं होती, तरी सर हजेरीपट उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, वर्गात कुणालाच काही झालेलं नाही. एका दिवसात पस्तीस रोगी बरे करणारा दुसरा डॉक्टर आमच्या जिल्ह्यात अजून झालेला नाही.