उंबऱ्यावरची राणी

एका राज्यात दुंदुभसेन नावाचा राजा होता. नाव जसं नगाऱ्याचं, तसाच स्वभाव. सकाळी उठला की आज्ञा सुरू. दूध तापवायची आज्ञा, कावळे हाकलायची आज्ञा, शिंक आली तर तिलाही आज्ञा, की थांब. शिंक काही थांबायची नाही, पण दरबारी म्हणायचे, "थांबली महाराज, थांबली!"

त्या राज्याची रीत अशी, की घरधन्याची आज्ञा घेतल्यावाचून कुणी उंबरा ओलांडायचा नाही. एकदा एक जादूगार पाहुणा आला, जेवला, निघाला. म्हणाला, "येतो महाराज, आज्ञा असावी." राजा सोंगट्यांत गुंग. हो नाही की ना नाही. जादूगार उभा. सावली फिरली तरी उभा. शेवटी त्यानं उंबऱ्यावर काठी आपटली. "इथं ज्याला आज्ञा मिळायची नाही, तो दगड होईल. आणि राजा, तुझी आज्ञा आजपासून पोकळ!" एवढं बोलून त्याची झाली घार, गेली उडून. राजानं दान टाकलं.

आठवडा गेला. राणी मृगावतीची आई आजारी पडल्याचा निरोप आला. राणी लगबगीनं उंबऱ्यावर आली. "आईकडं जाते. आज्ञा असावी." राजाची सोंगटी मरणाच्या घरात. त्याला ऐकूच गेलं नाही. आणि राणीची पावलं झाली दगडाची.

"महाराज, पाय हलेनात!"

राजा धावला. "जा! आज्ञा आहे! शंभर वेळा आज्ञा!" दगड हलला नाही, उलट घोट्यापर्यंत चढला.

"आता देताय होय?" राणी म्हणाली. "आणि तिकडं माझी आई वाट बघतीय."

राजाला पहिल्यांदाच तोंड लपवायला जागा सापडेना. तेवढ्यात छपरावरची साळुंकी बोलली.

"राजा, आज्ञा देता येते, मागता येते, पाळता येते. तुला एकच येतं. एका पायावर बैल चालंल का? तीन दिवसांत दगड हिच्या ओठांवर पोचंल. तोवर एकाकडं आज्ञा माग, एकाची आज्ञा पाळ."

"आणि तिसरं?"

"आधी दोन तर कर!"

राजा निघाला. रानात शापित खजिना होता आणि वाटेवर त्याचा राखणदार नाग.

"बाजूला हो," राजा म्हणाला.

नागानं जांभई दिली.

राजानं हात जोडले. हात असे जोडतात हेसुद्धा आठवावं लागलं. "नागोबा, वाट ओलांडायची आज्ञा असावी."

"खजिन्याकडं न बघता जा."

सोनं मागनं हाका मारत होतं, "महाराज, महाराज!" दरबाऱ्यांसारखंच गोड. राजा मान खाली घालून पार झाला.

पलीकडं गिरजा कुंभारीण चाक फिरवत बसलेली. राजा म्हणाला, "मावशी, आज्ञा करा."

तिनं त्याला नखशिखांत पाहिलं. "चिखल तुडव."

"किती?"

"मी पुरे म्हणेपर्यंत. आणि तो मुकुट काढून ठेव बाबा, माती लागंल."

तुडवता तुडवता दिवस मावळला, दुसरा उगवला. राजाच्या पोटऱ्या भरून आल्या. "मावशी, झालं वाटतं?"

"तुला वाटून काय उपयोग? मातीला वाटू दे."

राजानं पुन्हा पाय उचलला. ऊन उतरल्यावर कुंभारीण म्हणाली, "पुरे. जा आता, घरी कुणीतरी खोळंबलं असंल."

राजा पळत सुटला. तिसऱ्या दिवशी घरी पोचला, तर दगड राणीच्या हनुवटीला टेकलेला. साळुंकी म्हणाली, "आता राणीला विचार, ती म्हणंल ते कबूल कर. मग आज्ञा दे."

राजानं गुडघे टेकले. "राणीसाहेब, आज्ञा करा."

राणीचा आवाज खोल विहिरीतनं आल्यासारखा. "मला जाऊ द्या. कधी येणार विचारू नका. मागं माणूस धाडू नका. मन होईल तेव्हा येईन, नाही झालं तर येणार नाही."

'लवकर या' हे शब्द राजाच्या पार दातांपर्यंत आले होते. दगड राणीच्या ओठाला लागला. राजानं ते शब्द गिळले, कडू काढ्यासारखे गिळले.

"कबूल. जा," तो म्हणाला. डोळ्यांना धारा, पण आवाज सरळ.

कडकड करून दगड फुटला. राणीनं पाय झटकले, पदर खोचला आणि चालू लागली. वळून बघितलं नाही. राजानं माणूस धाडला नाही. सोंगट्यांचा पट गुंडाळून ठेवला, आणि रोज एकदा वाटेकडं बघून यायचा, तेवढंच.

दोन महिन्यांनी राणी आली. मागं पालखीत बरी झालेली आई, आणि तिची सतरा गाठोडी.

"आई आता इथंच राहणार."

"विचारताय की सांगताय?" राजानं विचारलं.

"सांगतेय."

राजानं नोकरांना हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि सगळ्यात जड गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

दगड गेला, शाप सरला. राजाराणी भांडत नांदली, सुखात नांदली, तशी तुमचीही घरं नांदोत.