उजवीकडे ओढणारी सायकल

“आता आणखी काय हलवू, मास्तर?”

दस्तगीरचाचांनी पान्हा गुडघ्यावर ठेवून विचारलं. सायकली दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पण ठोंबरे मास्तर त्या आठवड्यात चौथ्यांदा दुकानाच्या पायरीशी आले होते.

मास्तरांचं म्हणणं एकच. सायकल उजवीकडे ओढते, पाठीत उसण भरते, काल तर ओढ्याच्या पुलावर कठड्याला जाऊन धडकलो. सीट वर घेऊन झाली, खाली घेऊन झाली. हँडल जवळ ओढलं. सीट काखेत धरून बोटं पायडलच्या आसाला टेकवायची, ते मापही दोनदा घेतलं. माप बरोबर. दुखणं जिथल्या तिथं.

मुलगा म्हणत होता, भंगारात द्या. मास्तरांना ते मुळीच मान्य नव्हतं. या सायकलीवाचून त्यांच्या दिवसात आता उरलं होतं तरी काय...

चाकात बाक असेल, मास्तर म्हणाले. चाचांनी चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, कुठंही न लचकता.

“मग तुमच्या बसण्यात असेल.”

मास्तरांना राग आला. पस्तीस वर्षं पोरांना कवायत शिकवली, आता ताठ कसं बसायचं ते पंक्चरवाल्याकडून शिकू का, असं ते बोलून गेले.

चाचांनी मनावर घेतलं नाही. सीटवरून सावकाश हात फिरवला. उजव्या अंगाचं कातडं झिजून तुळतुळीत झालेलं. डावीकडचे टाके अजून शाबूत.

“मागं कोण बसायचं?”

मास्तरांनी रिकाम्या कॅरिअरकडे पाहिलं.

मागं त्यांच्या पत्नी शेवंताबाई बसायच्या. चौतीस वर्षं. दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. तोल सांभाळायला मास्तर उजवीकडे रेलून बसायचे. त्यांना बालवाडीच्या दारात उतरवायचं आणि मग शाळा गाठायची, हा मास्तरांचा नेम. मार्गशीर्षात बाई गेल्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं. चाचांनाही.

चाचा उठले. लुंगी सावरत कॅरिअरवर बसले, दोन्ही पाय डावीकडे सोडून.

“मारा पायडल.”

“लोक हसतील.”

“हसू द्यात.”

सायकल निघाली. पाण्याच्या टाकीवरून पुढं गेली, पुलाला लागली. सरळ. पाठीत कळ नाही, काही नाही. मास्तरांचा श्वास मोकळा झाला, आणि पुलाच्या तोंडाशी नेहमीच्या सवयीनं ते बोलले...

“धर गं, खड्डा आहे.”

मागून सीटची कड घट्ट धरली गेली.

सायकल परत दुकानापाशी आली. चाचा उतरले. मास्तरांनी हँडल मात्र सोडलं नाही.

“चाचा, आत्ता जे केलंत... ते कायमचं करून द्या.”

चाचांनी पान्हा डब्यात टाकला. झाकण लावलं.

“उद्या या. बसेन मी,” ते म्हणाले. “पण मास्तर, मीही ऐंशीचा आहे.”