चंद्रकोरीची आतली कड

संगणकाच्या पडद्यावर अजून एकही चित्र उमटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या पांढऱ्या पानावर बरेच आकार राहत. त्यांत एक मोठा पिवळा गोल होता आणि एक लहान करडा.

एकदा चित्र काढणाऱ्या हेमांगीने करड्याला उचलून पिवळ्याच्या अंगावर, एका कडेला ठेवलं. पिवळा तापला. "उतर खाली. वरची जागा थोरल्याची असते."

"इथे तसं नाही, दादा," करडा म्हणाला. "वरचा खालच्याला कापतो आणि स्वतः नाहीसा होतो. ही इथली रीत आहे."

पिवळा हळूच म्हणाला, "आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण काय होतंय ते बघायचंय."

हेमांगीने बटण दाबलं. करडा गेला, आणि पिवळ्याच्या अंगाचा मोठा घास घेऊन गेला. आपण मोडलो, असं पिवळ्याला वाटलं. तेवढ्यात तिने सगळं पान गडद निळं केलं. चौकोन, त्रिकोण, रेघा, सगळे जागच्या जागी थबकून वर बघू लागले.

"चंद्रकोर," एक म्हातारा चौकोन पुटपुटला.

पुढे शेजारी एक नवी चांदणी आली. तिने विचारलं, "एवढ्या आभाळात एकटं वाटत नाही का हो?"

चंद्रकोर झालेल्या पिवळ्याने आपल्या आतल्या कडेकडे पाहिलं. ती करड्याच्याच अंगाची गोलाई होती.

"एकटा कुठे," तो म्हणाला, "आम्ही दोघं आहोत."