वीस वाटा

घाटाच्या पायथ्याशी एक शहर होतं. तिथल्या रक्तपेढीत यशोधरा भोईर नावाची इंजिनीयर होती. कोणत्या गटाचं रक्त कुठे शिल्लक आहे, हे सगळी रुग्णालयं तिच्या डेटाबेसला, म्हणजे साऱ्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राला, विचारत. डेटाबेसकडे जाणाऱ्या वीस वाटा, म्हणजे कनेक्शन, ती कायम उघड्या ठेवी. एकाचं उत्तर मिळालं की त्याचं कनेक्शन दुसऱ्याला मिळे. हा सारा कारभार ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवी.

एका दुपारी घाटात बस उलटली. जखमींना जिथे जागा मिळाली तिथे नेलं, आणि सगळ्या रुग्णालयांनी एकदमच रक्ताची चौकशी सुरू केली. पडद्यावर थांबलेल्यांचा आकडा भराभर वाढू लागला. रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. मिरजकर स्वतः खाली आल्या. वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात एका जखमी बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं होतं, तिचा रक्तगट दुर्मीळ होता आणि उत्तर काही येत नव्हतं.

यशोधराने कनेक्शन दुप्पट केली. क्षणभर बरं वाटलं, मग सगळंच रेंगाळलं. तिने ती आणखी वाढवली. आता डेटाबेसला धाप लागली. कुणालाच नकार मिळत नव्हता आणि कुणालाच उत्तरही मिळत नव्हतं.

तिने कीबोर्डवरून हात उचलले. आणखी वाढवली असती, तर निदान प्रयत्न केला असं सगळ्यांना दिसलं असतं. पण तिने पडद्याकडे नीट पाहिलं. आत शिरलेला प्रत्येक जण यंत्राची ताकद दुसऱ्याच्या हातून ओढून घेत होता. सगळी कामं अर्धवट लोंबकळत होती.

तिने नव्यांना बाहेरच थांबवण्याची आज्ञा लिहिली. आत असलेल्यांची कामं पुरी होऊ दिली. मग कनेक्शन पुन्हा वीसवर आणून बाहेरच्यांना एकेक करून आत सोडायची आज्ञा लिहिली.

डॉक्टरांचा आवाज चढला. "बाहेर एवढे जण खोळंबलेत आणि तुम्ही वाटा कमी करताय?"

"आत गेलेल्याला बाहेर पडता आलं पाहिजे, डॉक्टर," यशोधरा म्हणाली. हे चुकलं असतं, तर त्या बाईचा जीव तिच्या माथी आला असता.

तिने एंटर दाबलं.

थांबलेल्यांचा आकडा जागच्या जागी थबकला. मग उतरू लागला. आधी सावकाश, मग झरझर. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकेक कनेक्शन मोकळं होत होतं आणि पुढच्याच्या हाती जात होतं. साऱ्या जिल्ह्याची घालमेल त्या मोजक्या वाटांवरून वाहत होती, आणि कुठे धक्काबुक्की नव्हती. हे यंत्र ती रोज हाताळायची, तरी तिच्या अंगावर काटा आला. डॉ. मिरजकर खुर्चीची पाठ धरून पडद्याकडे झुकल्या.

उत्तर आलं. नदीपलीकडच्या एका छोट्या रुग्णालयात त्या गटाची पिशवी होती. डॉक्टर धावत जिना चढल्या.

संध्याकाळी वरून निरोप आला. बाई शुद्धीवर आली होती आणि पाणी मागत होती.

यशोधराने निरोप ऐकला. मग ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि वीसही वाटा नीट वाहताहेत ना, ते पाहू लागली.

तात्पर्य: सगळ्यांनाच एकदम आत घेतल्याने सगळ्यांचं काम होत नाही. घाईच्या वेळी, लोक रागावले तरी, एकेकाचं काम पुरं होऊ देण्याचा धीर ज्याच्यापाशी असतो, तोच अनेकांच्या उपयोगी पडतो.